निगा : नवापूरच्या कोंबड्या आणि रोजच्या पाहण्याचा इतिहास

पाळीव हॅमस्टरला त्याच्या मालकाने कितीदा पाहावे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पशुपालनाच्या माहितीपुस्तिकांनी त्याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे : रोज एकदा तरी नीट पाहावे, आठवड्यातून एकदा वजन करावे आणि दात तपासावेत, अधूनमधून पशुवैद्याला दाखवावे. उत्तर बरोबर आहे. तथापि ते वाचताना आम्हाला असे वाटत राहिले की, या प्रश्नाला एक दीर्घ इतिहास आहे आणि त्या इतिहासाचे एक महत्त्वाचे प्रकरण आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात घडलेले आहे. माणसाने पाळलेल्या जीवाकडे कितीदा पाहावे, पाहिलेले कोणाला सांगावे आणि सांगणाऱ्याचे पुढे काय होते, हे तीन प्रश्न एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, असे आमचे म्हणणे आहे. ते मांडण्यासाठी आम्ही हॅमस्टरपासून निघून नवापूरच्या कोंबड्यांपर्यंत जाणार आहोत.

प्रथम हॅमस्टर. मूषकवर्गातला हा लहान प्राणी माणसाच्या घरात अलीकडे आला. १९३० साली इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने सीरियातील अलेप्पो शहराजवळच्या एका शेतातून एक मादी आणि तिची अकरा पिल्ले जमिनीतून खणून काढली. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील सॉल अॅडलर यांना लेश्मानिया वर्गातील रोगांच्या, म्हणजे आपल्याकडचा काळा आजार ज्या कुळातला त्या रोगांच्या, संशोधनासाठी असा प्राणी हवा होता. आज जगभर पाळले जाणारे बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्या एका कुटुंबाचे वंशज मानले जातात. प्रयोगशाळेतून तो मुलांच्या खोलीत गेला आणि आता भारतातल्या शहरांतल्या दुकानांतही मिळतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी केंद्र सरकारने २०१८ साली केलेल्या नियमांत कुत्रा, मांजर, ससा यांच्या जोडीला हॅमस्टरचेही नाव आहे. ज्या देशात उंदराला गणपतीच्या पायाशी जागा आहे आणि कणगीपाशी सापळा आहे, तिथे त्याच्या या दूरच्या नातलगाला कायद्याने पाळीव प्राण्याचा दर्जा दिला, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

या प्राण्याला पाहण्यात तीन अडचणी आहेत. पहिली ही की, तो दुखणे लपवतो. जो जीव रानात दुसऱ्याचे भक्ष्य असतो त्याला आजारी दिसणे परवडत नाही. म्हणून तो शेवटपर्यंत धडधाकट दिसत राहतो आणि एके दिवशी अचानक कोसळतो. हगवणीने शेपटीकडचा भाग ओला राहण्याचा त्याचा एक रोग तर दोन-तीन दिवसांत जीव घेतो. दुसरी अडचण ही की, तो अन्न गालांच्या पिशव्यांत भरून नेतो आणि बिळात साठवतो. वाटी रिकामी झालेली पाहून मालक निश्चिंत होतो. परंतु रिकामी वाटी एवढेच सांगते की दाणे तिथून हलले. ते पोटात गेले की नाही, हे वजनाच्या काट्यावरच कळते. तिसरी अडचण पहिल्या दोहोंच्या उलट आहे. नुकत्याच व्यालेल्या मादीला वारंवार हात लावला, घरटे उचकटले, तर ती स्वतःच्याच पिल्लांना मारते. अहारोनींनी पकडून आणलेल्या त्या पहिल्या मादीनेही एक पिल्लू मारलेच होते. म्हणजे न पाहणे घातक आणि अति पाहणेही घातक.

याला काळाचा एक हिशेबही जोडावा लागेल. हॅमस्टर दोन-तीन वर्षे जगतो. माणसाच्या आयुष्याशी प्रमाण लावले, तर त्याचा एक दिवस आपल्या सुमारे महिन्याएवढा भरतो. रोज पाहणारा मालक त्याच्या दृष्टीने महिन्यातून एकदा फिरकणारा पाहुणा आहे. आठवड्याने पाहणारा वर्षातून दोनदा येणारा. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जिथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तिथे दुपारचा एक प्रहर दुर्लक्षात गेला तरी एवढ्या लहान जीवाला पुरे होतो. तेव्हा दिवसातून दोनदा, त्यातले एकदा तो जागा होतो त्या संध्याकाळच्या वेळी पाहावे, हे उत्तर त्याच्या आयुर्मानातूनच निघते.

आता भाषेकडे वळू. मराठीत पाळलेल्या जीवाच्या संदर्भात सर्वाधिक वापरला जाणारा शब्द ‘निगा’ हा आहे. गुरांची निगा, झाडांची निगा, आजाऱ्याची निगा. हा शब्द फार्सी ‘निगाह’पासून आला, मूळ अर्थ नजर, पाहणे. ‘निगराणी’ही त्याच कुळातला. फार्सीतून मराठीत येताना पाहण्याचे सांभाळणे झाले. बोलीतही हेच घडते : ‘म्हाताऱ्याला कोण बघतं?’ या प्रश्नात बघणे म्हणजे जेवूखाऊ घालणे, औषधपाणी करणे. ‘लक्ष’ आणि ‘दुर्लक्ष’ या जोडीतही डोळा आणि माया एकत्रच आहेत. त्याच भाषेत ‘दृष्ट लागणे’ही आहे, आणि पाहण्याने अपाय होतो ही समजूत त्यात साठलेली आहे. म्हणजे मराठी भाषकाने पाहण्याच्या दोन्ही बाजू पूर्वीच ओळखल्या होत्या. प्रश्न उरतो तो हा की, ही रोजची निगा करणारा माणूस कोण होता आणि त्याचे ऐकले कोणी?

जुन्या ग्रंथांत या माणसाचा माग काढणे कठीण नाही. फक्त तो तिथे दंडाच्या प्रकरणात भेटतो. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात गोध्यक्ष, अश्वाध्यक्ष आणि हस्त्यध्यक्ष यांची कर्तव्ये सांगितली आहेत. अश्वाध्यक्षाने प्रत्येक घोड्याचे कूळ, वय, रंग, खुणा आणि तो कोठून आला याची नोंद ठेवावी. व्यंग असलेले किंवा आजारी घोडे वर कळवावेत. घोड्यांना दिवसातून दोनदा न्हाऊ घालावे. चिकित्सेतल्या हयगयीने आजार वाढला तर दंड आहे. गोपालकाबाबतची तरतूद आम्हाला विशेष अर्थपूर्ण वाटते. जनावर मेले तर गुराख्याने खुणेसह त्याचे कातडे आणून दाखवायचे. शेळीमेंढी असेल तर कानही. नुसता शब्द पुरेसा नाही, पुरावा हवा. जनावरांची निगा गुराख्याकडे आणि अविश्वासही गुराख्यावरच, अशी ही व्यवस्था आहे. जो रोज पाहतो त्याच्याकडे संशयाने पाहण्याची रीत इतकी जुनी आहे.

मराठी इतिहासात या निगेचे सर्वांत जिवंत चित्र कोठे असेल तर ते शिवकालीन पत्रव्यवहारात. चिपळूण परिसरात छावणीला असलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांकडून गेलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नये, या आशयासाठी ते नेहमी उद्धृत केले जाते. परंतु त्याच पत्रात घोड्यांच्या दाणावैरणीचा बारीक हिशेब आहे : साठा आताच उधळलात तर पावसाळ्यात तो संपेल आणि घोडी मरतील. पुढे आगीचा इशारा आहे. कोणी स्वयंपाकासाठी आगट्या पेटवतील, कोणी तंबाखू ओढतील, रात्री दिवा तसाच जळत राहील आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल. गवताच्या गंजी जळाल्या की पागाही वाचणार नाही. एका राजाच्या पत्रात उंदराच्या तोंडातली वात यावी, ही साहित्याच्या दृष्टीनेही थांबून पाहण्याजोगी जागा आहे. निगा म्हणजे घोड्याकडे पाहणेच नव्हे, घोड्याच्या आजूबाजूचे अंधारातले कोपरे पाहणेही तिच्यात येते, हे त्या पत्राला ठाऊक होते.

घोड्याचा विषय निघाला म्हणजे नंदुरबार जिल्ह्यात पाऊल टाकणे सोपे जाते. शहादा तालुक्यातील सारंगखेडा येथे तापीच्या काठी, एकमुखी दत्ताच्या यात्रेत, मार्गशीर्ष पौर्णिमेपासून घोड्यांचा बाजार भरतो. महाराष्ट्राबरोबर राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश, गुजरात येथून घोडे येतात. अलीकडे तेथे चेतक महोत्सव या नावाने शासकीय पातळीवरही सोहळा होऊ लागला आहे. इथे पाहण्याची एक वेगळीच विद्या नांदते. गिऱ्हाईक घोड्याचे दात पाहून वय ठरवते, चालवून-पळवून चाल पाहते, अंगावरचे भोवरे तपासते. देवमण असला तर भाव चढतो. चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी शुभ मानला जातो. एखादा भोवरा खोडीचा ठरला की उत्तम जनावराकडेही पाठ फिरते. संस्कृतातील शालिहोत्र परंपरेपासून मराठी-हिंदीतल्या अश्वपरीक्षेच्या पोथ्यांपर्यंत या विद्येवर विपुल लेखन झाले आहे.

या लेखनात आम्हाला एक विषमता दिसते. ग्रंथकारांनी लिहिले ते बहुतांशी खरेदीच्या दिवशीचे पाहणे. ते विद्वानाचे, धनिकाचे, सरदाराचे पाहणे आहे. एकदाच होते आणि त्यावर पैसा लागलेला असतो. त्यानंतर रोज पहाटे खरारा करताना जो मोतद्दार घोड्याच्या अंगावरून हात फिरवतो, तोबऱ्यातली चंदी कालच्यापेक्षा कमी खाल्ली हे ज्याला सर्वांत आधी कळते, त्याच्या पाहण्यावर पोथी झाली नाही. त्याचे ज्ञान खरारा, चंदी, तोबरा, थान अशा शब्दांतून भाषेत उरले. त्याचे नाव उरले नाही. लक्षणांचे शास्त्र मालकाने लिहून घेतले, निगेचे शास्त्र नोकराच्या हातात राहिले आणि त्याच्याबरोबर गेले.

ही विषमता किती महाग पडू शकते, हे सारंगखेड्यापासून फार लांब नसलेल्या नवापूरने २००६ साली दाखवले.

नवापूर हा नंदुरबार जिल्ह्याचा नैर्ऋत्येकडचा, गुजरातला लागून असलेला आदिवासीबहुल तालुका. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्यात तो आला. रेल्वे स्थानक दोन राज्यांत विभागलेले, बाजार सुरतेकडे ओढलेला. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत इथे कुक्कुटपालनाचा मोठा व्यवसाय उभा राहिला. त्याच तालुक्याच्या पाड्यापाड्यांवर कोंबडी पूर्वीपासून होतीच : दारात चार-सहा गावठी पक्षी, दिवसभर उकिरडा उकरणारे, सणाला, नवसाला आणि अडीनडीला उपयोगी पडणारे. एकाच गावशिवारात पक्षी पाहण्याच्या दोन रीती अशा शेजारी शेजारी नांदत होत्या.

पाड्यावरची रीत अशी : संध्याकाळ झाली की घरातली बाई कोंबड्या डालते. डालगे उपडे घालताना किंवा खुराड्याचे दार लावताना मोजणी आपोआप होते. एक कमी असली तर हाकाटी होते. एखादी पंख पाडून बसलेली असली तर ती तेव्हाच ध्यानात येते. प्रत्येक पक्षी ओळखीचा असतो. शेडमधली रीत वेगळी. हजारो पक्षी एका छपराखाली. तिथे एका पक्ष्याला चेहरा नसतो, कळपाला आकडा असतो. मजूर सकाळी शेडमध्ये फिरतो, मेलेले पक्षी वेचतो, मोजतो आणि मालक किंवा व्यवस्थापक मरतूक वहीत लिहितो. खाद्य किती उठले, पाणी किती गेले, अंडी किती आली, हेही रोज लिहिले जाते. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहता, शेडमधले पक्षी कोणत्याही घरगुती प्राण्यापेक्षा अधिक नियमाने पाहिले जात होते. रोज पाहावे, हा नियम तिथे काटेकोर पाळला जात होता.

२००६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत या वह्यांमधले मरतुकीचे आकडे चढू लागले. पक्षी हजारोंनी मेले. ती राणीखेतची साथ समजली गेली आणि पोल्ट्री व्यावसायिकांपैकी अनेकजण पुढेही त्याच मतावर ठाम राहिले. राणीखेत हा कोंबड्यांचा जुना विषाणुजन्य रोग. भारतात त्याची नोंद १९२७ साली कुमाऊंमधल्या राणीखेत येथे झाली, म्हणून हे नाव. त्यातही पक्षी अकस्मात मरतात, श्वास घरघरतो, हिरवट हगवण लागते, मान वाकडी होते. बर्ड फ्लूच्या तीव्र प्रकारातही यातली बहुतेक लक्षणे दिसतात. नुसत्या डोळ्याने दोहोंतला फरक ठरवणे तज्ज्ञालाही शक्य नाही. प्रयोगशाळाच ते सांगू शकते. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेच्या अहवालावरून जाहीर झाले की नवापूरच्या कोंबड्यांत एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू आहे. भारतातल्या पाळीव पक्ष्यांमधला हा पहिला अधिकृत उद्रेक.

येथे एक शब्द आमच्या वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. राणीखेतला मराठीत ‘मानमोडी’ म्हणतात. १९१८ साली इन्फ्लुएंझाची जी भयंकर साथ आली, जिने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली, तिलाही मराठी मुलखात मानमोडीच म्हणत. कोंबडीची मान मोडणारा रोग आणि माणसाची मान मोडणारा ताप यांना लोकभाषेने एकच नाव दिले होते. १९१८ च्या विषाणूची जनुकीय रचना २००५ साली पूर्ण उलगडली आणि तो पक्ष्यांच्या विषाणूंच्या जवळचा असल्याचे संशोधकांनी मांडले. त्यानंतर काही महिन्यांतच नवापुरात पक्ष्यांचा इन्फ्लुएंझा मानमोडी समजला गेला. लोकभाषेला विषाणू ठाऊक होता, असा दावा आम्ही करत नाही. तो भाबडेपणा होईल. परंतु लक्षणावरून नाव देणारी भाषा किती दूर पोचते आणि नेमकी कोठे अडते, या दोन्ही गोष्टी या एका शब्दात दिसतात. शेडमधल्या मजुराने पाहिले ते खरे होते. त्याच्याजवळ जो शब्द होता तोही अनुभवातून आलेला होता. त्या शब्दापुढे जाण्याची वाट मात्र भोपाळला होती, आणि तिथवर नमुना पोचेपर्यंत दिवस गेले.

घोषणेनंतरचा घटनाक्रम वाचकांना आठवत असेल. बाधित क्षेत्राभोवती तीन किलोमीटरच्या परिघातले सगळे पक्षी मारण्याचा आदेश निघाला. दहा किलोमीटरपर्यंत निगराणी. पांढऱ्या संरक्षक पोशाखातली पथके शेडमध्ये शिरली आणि पाड्यांवरही गेली. शेजारच्या गुजरातमधील उच्छल तालुक्यात, मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात आणि मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर भागात रोग आढळला. तीन राज्ये मिळून सुमारे दहा लाख पक्षी त्या मोहिमांत मारले गेले. रेल्वेच्या जेवणातून कोंबडी आणि अंडी काढली गेली. देशभर भाव कोसळले. संशयित माणसांचे नमुने तपासले गेले, त्यात एकही बाधित निघाला नाही. ऑगस्ट २००६ मध्ये भारताने स्वतःला बर्ड फ्लूमुक्त जाहीर केले. ते वर्षभर टिकले. जुलै २००७ मध्ये मणिपुरात आणि जानेवारी २००८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये रोग पुन्हा उद्भवला.

या घटनाक्रमात पाड्यावरच्या बाईची आणि शेडच्या मालकाची कोंडी एकच होती. कोंबडी मेली हे सांगितले, तर जिवंत कोंबड्याही जातात. न सांगितले तर कदाचित राहतात. नुकसानभरपाई ठरलेली होती, पण ती बाजारभावाहून कमी आणि हातात पडायला उशीर, ही तक्रार सार्वत्रिक होती. बंगालमध्ये २००८ साली लोकांनी पक्षी लपवले, रातोरात दुसऱ्या गावी नेऊन विकले, असे वृत्तान्त सर्वत्र प्रसिद्ध झाले. त्या लोकांना अडाणी ठरवणे सोपे आहे. आम्हाला ते पटत नाही. त्यांनी पाहिले होते, ओळखलेही होते. पण सांगण्याची किंमत त्यांच्या एकट्याच्या पदरी पडणार, हेही त्यांनी ओळखले होते.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९७ मध्ये पुण्यात पसरला. आजारी माणूस सापडला की त्याला विलगीकरणाच्या छावणीत नेत, घर उचकटत, सामान जाळत. परिणाम असा झाला की घरोघरी आजारी लपवले जाऊ लागले, प्रेतेही लपवली गेली. तपासणीची पथके जितकी वाढली तितके लपवणे वाढले. २२ जून १८९७ च्या रात्री रँड यांच्यावर झालेल्या गोळीबारामागे हा क्षोभ होता. पुढे लोकांनी आपली स्वतःची एक खूण शोधून काढली : घरात ‘उंदीर पडू लागले’ की गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहायचे. हा उंदीर कोणी पाळलेला नव्हता. तरी त्याच्या मरणाकडे लोक डोळ्यांत तेल घालून पाहत, कारण ते पाहणे त्यांच्या स्वतःच्या हिताचे होते आणि ते सांगितल्याने कोणाचे घर उद्ध्वस्त होत नव्हते. याच शहाणपणाचा धागा १९९४ मध्ये पुन्हा दिसला. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात ऑगस्टमध्ये उंदीर मरू लागल्याचे आणि पिसवा वाढल्याचे गावकऱ्यांनी सांगितले. माणसांतले रुग्ण त्यानंतर आढळले. सप्टेंबरात सुरतेत जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. त्या वेळी सुरतेहून पळालेल्या माणसांनी भरलेल्या गाड्या नवापूर-नंदुरबारच्याच मार्गाने खानदेशात येत होत्या.

तेव्हा इतिहासाचा कौल असा दिसतो की, पाहण्याची वारंवारता हा प्रश्नाचा निम्मा भाग आहे. १८९७ ची पथके रोज पाहत होती आणि त्यांना दिसत नव्हते. २००६ चा मजूर रोज पाहत होता, त्याला दिसतही होते. पण त्याच्या वहीतला आकडा बाहेर काय ठरेल, हे त्याच्या हातात नव्हते. पाहणे आणि सांगणे यांच्यामध्ये भीतीची भिंत उभी राहिली की रोजची तपासणी हा कोरडा उपचार उरतो.

नवापूरनंतर तीन वर्षांनी, २००९ साली, प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंध व नियंत्रणाचा केंद्रीय कायदा झाला. अनुसूचित रोगाचा संशय येताच मालकाने किंवा जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याने गावच्या अधिकाऱ्याला अथवा पंचायतीला कळवावे, हे कर्तव्य त्यात घातले आहे. म्हणजे सांगण्याची सक्ती आली. ती योग्यच आहे. परंतु सक्ती ही कौटिल्याच्या कातड्या-कानाच्या पुराव्याचीच पुढची पायरी. तिच्याबरोबर विश्वास यावा लागतो, आणि तो वेळेवर मिळालेल्या रास्त भरपाईने येतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू आढळला. पुन्हा लाखांच्या घरात पक्षी मारावे लागले. पंधरा वर्षांपूर्वी ज्यांनी रिकामी शेड पाहिली होती त्यांनी ती दुसऱ्यांदा पाहिली. भारतात एच५एन१ने माणसाचा पहिला बळी त्याच वर्षी, जुलैमध्ये, दिल्लीत गेला. नवापूरशी त्याचा संबंध नव्हता. परंतु २००६ पासून जी भीती बाळगली गेली होती ती निराधार नव्हती, हे त्याने सिद्ध केले.

अति पाहण्याचा मुद्दा आम्ही सुरुवातीला मांडला होता, त्याचाही पडताळा इथे मिळतो. कुक्कुटपालनाचे आजचे शास्त्र सांगते की शेडमध्ये जितकी कमी माणसे जातील तितके बरे. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये विषाणू जातो तो पाहणाऱ्याच्याच चपलेने, कपड्याने, गाडीच्या चाकाने. मदतीला धावलेला शेजारी, कुतूहलाने आलेला पाहुणा, दहा फार्म फिरून आलेला व्यापारी, हे सगळे पाहायला येतात आणि रोग ठेवून जातात. पिल्लांच्या घरट्यात हात घालणाऱ्या हॅमस्टरच्या मालकाला जी गोष्ट शिकावी लागते तीच इथे लाखोंच्या हिशेबाने शिकावी लागली. दृष्ट लागण्याच्या जुन्या समजुतीला यातून शास्त्राचा आधार मिळतो असे नाही. मात्र पाहणारा हा दृश्याबाहेर उभा नसतो, एवढे खरे. म्हणून पाहणारे थोडे असावेत आणि तेच ते असावेत. ज्याने काल पाहिले त्यालाच आजचा फरक कळतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या सगळ्याकडे का पाहावे, असा प्रश्न कोणी करील. आमचे उत्तर असे : आपल्या वाङ्मयात जनावरांवरचे प्रेम पुष्कळ आहे, बैलावर, गाईवर, कुत्र्यावर लिहिले गेले आहे. त्यांच्या निगेवर फार थोडे आहे. प्रेमाला प्रसंग लागतो आणि प्रसंगाची कथा होते. निगा रोजची असते, तिला प्रसंग नसतो, म्हणून ती कथेतून निसटते. मरतुकीची वही, पागेचा हिशेब, पशुवैद्यकीय दवाखान्याची नोंदवही ही तिची कागदपत्रे आहेत. मराठी गद्याचा इतिहास बखरी आणि पत्रांपासून मांडताना चिपळूणच्या पत्रातल्या दाणावैरणीचा आणि उंदराचा भाग आपण गाळून वाचतो, तेव्हा त्या गद्यातला एक महत्त्वाचा गुण गाळतो. रोजच्या गोष्टी बिनचूक पाहणारे ते गद्य आहे. नवापूरच्या एखाद्या शेडमधली २००६ ची वही कोणी जपून ठेवली असेल, तर ती कोणत्याही अहवालापेक्षा अधिक बोलकी ठरेल. तिच्यात रोजच्या मेलेल्या पक्ष्यांचा आकडा असेल आणि तो कोणत्या दिवशी चढू लागला हे दिसेल.

आता मूळ प्रश्नाकडे. नंदुरबार किंवा शहाद्यातल्या कोणा घरी मुलांच्या हट्टाने हॅमस्टर आणला गेला, तर त्याला दिवसातून दोनदा पाहावे. संध्याकाळी तो जागा झाला की चाल, डोळे, नाक, शेपटीखालचा भाग पाहावा. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या लहान काट्यावर वजन करून तारखेसह लिहावे, दात वाढले नाहीत ना ते पाहावे, लपवलेले जुने दाणे काढावेत. मादी व्याली असेल तर पहिले दोन आठवडे लांबूनच पाहावे. उन्हाळ्यात दुपारी एक फेरी जास्त मारावी. पाहणारे माणूस शक्यतो एकच असावे. आणि ते बहुधा घरातले मूल असते. त्या मुलाने येऊन ‘आज हा नीट खात नाही’ असे सांगितले तर हातातले काम टाकून ऐकावे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा रोजचा व्यवहार गाई-म्हशी-शेळ्यांचा. तिथे एवढासा प्राणी घेऊन जाताना मोठ्यांना संकोच वाटतो आणि ‘उद्या पाहू’ म्हटले जाते. त्या प्राण्याचा उद्या आपल्या महिन्याएवढा लांब आहे, हे तेव्हा आठवावे. असो.